मोठ्यांचे निष्कर्ष आणि लहान प्रवासी : परदेशवारीच्या नियोजनातून संशोधन वाचायला शिकू या



संशोधनाचा प्रश्न कसा मांडायचा, यावर आपण या ब्लॉगवर आधी बोललो आहोत. आज त्याच्या पुढची पायरी. दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या लोकांवर केलेला अभ्यास आपल्या प्रश्नाला लागू पडतो की नाही, हे ठरवायचं कसं? पीएच.डी. प्रवेश परीक्षेची म्हणजे पेटची तयारी करताना याची व्याख्या तुम्ही पाठ केली असेल. मराठी पुस्तकात ‘बाह्य सप्रमाणता’ असा शब्द येतो, प्रयोगशाळेत सगळे सरळ ‘एक्स्टर्नल व्हॅलिडिटी’ म्हणतात. व्याख्या दोन ओळींची आहे. पण ती वापरायची वेळ आली की भलेभले अडखळतात.

म्हणून आज उदाहरण घरातलं घेते. माझा मोठा भाऊ वर्धा जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. दादा, वहिनी आणि दोन मुलं, असं चौघांचं कुटुंब येत्या दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा देशाबाहेर जाणार आहे. मोठी मुलगी आज साडेचार वर्षांची, धाकटा चौदा महिन्यांचा. पाच रात्री, दुबई किंवा बँकॉक, एवढंच ठरलं होतं. चार वर्षांची बचत आहे, त्यामुळे ‘बघू, जमलं तर जमलं’ असं चालणार नाही. घरात संशोधन करणारी आत्या आहे म्हटल्यावर सगळे प्रश्न माझ्याकडे आले. विमानात कान दुखू नयेत म्हणून काय द्यायचं? झोपेचं औषध द्यायचं का? लस कोणती? झोपेच्या वेळा बदलतील त्याचं काय? कागदपत्रं कधी सुरू करायची?

या प्रश्नांची उत्तरं शोधताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. प्रवासाबद्दलचे बहुतेक सल्ले मोठ्यांच्या अनुभवावर किंवा मोठ्यांवर झालेल्या अभ्यासावर उभे असतात, आणि आपण ते मुलांना जसेच्या तसे लावतो. लहान मूल म्हणजे कमी वजनाचा मोठा माणूस नव्हे.

चार प्रश्न आधी लिहून घ्या

कुठलाही सल्ला, बातमी किंवा शोधनिबंध समोर आला की वहीत चार ओळी लिहायच्या :

1. अभ्यास कोणावर झाला? वय, आजार, परिस्थिती.
2. त्यांना काय दिलं किंवा त्यांच्याबाबत काय केलं?
3. तुलना कशाशी केली?
4. शेवटी काय मोजलं आणि ते कोणी मोजलं?

हे चार प्रश्न वैद्यकीय संशोधनात रोज वापरले जातात, पण रसायनशास्त्र असो की शिक्षणशास्त्र, सगळीकडे चालतात. आता दादाच्या प्रश्नांवर ते लावून बघू.

पहिला प्रश्न : विमानात कान का दुखतो आणि औषध द्यायचं का?

आधी शरीरात काय होतं ते समजून घेऊ. विमान खूप उंचावर असलं तरी आतल्या हवेचा दाब साधारण 6,000 ते 8,000 फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. विमान खाली येऊ लागलं की केबिनमधला दाब वाढतो. कानाच्या पडद्यामागची पोकळी मात्र अजून जुन्या, कमी दाबावर असते. त्यामुळे पडदा आत ओढला जातो आणि दुखतं. ही पोकळी घशाशी एका बारीक नळीने जोडलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती नळी उघडते आणि दाब सारखा होतो. लहान मुलांमध्ये ही नळी आखूड, अरुंद आणि जास्त आडवी असते. शिवाय मुलांना सर्दी वारंवार होते. म्हणून त्रास त्यांना अधिक.

आता औषध. नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन नावाचं औषध आहे. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना आधी विमानात कानाचा त्रास झाला होता अशा प्रौढ प्रवाशांना उड्डाणाआधी हे औषध किंवा तसंच दिसणारं बिनऔषधाचं कॅप्सूल दिलं गेलं. औषध घेतलेल्यांपैकी 32 टक्के लोकांना त्रास झाला, बिनऔषधाच्या गटात 62 टक्के लोकांना. फरक मोठा आहे. इथेच थांबलात तर निष्कर्ष काय निघेल? ‘मग मुलांना कमी डोस देऊन टाकू.’

पण 1999 साली हाच प्रश्न मुलांवर तपासला गेला. 6 महिने ते 6 वर्षं वयाची 50 मुलं. काहींना स्यूडोएफेड्रिन, काहींना बिनऔषधाचं सिरप. कोणाला काय दिलं ते पालकांना माहीत नव्हतं. उड्डाण आणि उतरणं, दोन्ही वेळेस कानदुखीत फायदा दिसला नाही. वाढली ती गुंगी. उड्डाणाच्या वेळी औषधाच्या गटातली 60 टक्के मुलं पेंगुळलेली होती, दुसऱ्या गटातली 13 टक्के. गंमत बघा, मोठ्यांमध्ये हेच औषध झोप उडवतं म्हणून ओळखलं जातं.

औषध तेच, विमानप्रवास तोच, मोजायची गोष्टही तीच. फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदललं, ‘कोणावर’, आणि निष्कर्ष उलटला. बाह्य सप्रमाणता शिकवायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

पण एक सावधगिरी. ‘फायदा दिसला नाही’ आणि ‘फायदा नाही हे सिद्ध झालं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. 50 मुलांच्या अभ्यासातून छोटासा फायदा निसटू शकतो. तसंच, बोलता न येणाऱ्या बाळाचा कान दुखतोय की ते भुकेने रडतंय, हे पालकांनी ठरवलं होतं. मोजमापात इथे गोंधळ शिरू शकतो. तरी निर्णय घ्यायला एवढं पुरेसं आहे, कारण एका बाजूला न दिसलेला फायदा आहे आणि दुसऱ्या बाजूला दिसलेली गुंगी.

मग करायचं काय? विमान उतरायला लागलं की मुलांना गिळायला लावायचं. धाकट्याला अंगावरचं दूध किंवा बाटली, मोठीला पाण्याचे छोटे घोट. झोपलेलं असेल तर उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी उठवायचं, कारण झोपेत आपण कमी गिळतो. लक्षात घ्या, या सल्ल्यामागचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. तो नळीच्या कार्यपद्धतीवरून काढलेला तर्क आहे. तर्क पक्का आहे आणि घोटभर पाण्याने नुकसान काही नाही, म्हणून तो स्वीकारायचा. मुलाला सर्दी किंवा कानाचा संसर्ग असेल तर मात्र निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं.

यातून नियोजनाचा एक मुद्दाही निघतो. कान उड्डाणापेक्षा उतरताना जास्त दुखतो. नागपूर–मुंबई विमान आणि पुढे मुंबई–बँकॉक विमान, म्हणजे जाताना दोनदा उतरणं. वर्ध्याहून रात्रीच्या रेल्वेने मुंबई गाठली तर एकदाच. म्हणजे ‘विमानाने गेलं की मुलांना सोपं’ हाही मोठ्यांचा हिशोब झाला.

दुसरा प्रश्न : ‘पाच एमएल देऊन द्या’

हा प्रश्न सगळ्यात गंभीर. दादाला त्याच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी सांगितलं, “अहो सर, सर्दीचं सिरप पाच एमएल देऊन द्या, मुंबईपासून बँकॉकपर्यंत पोरगं उठत नाही.” असा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. सल्ला देणारे वाईट नसतात. त्यांच्या मुलाला दिलं, तो झोपला, त्यांच्यासाठी पुरावा झाला.

आता त्या चार ओळी काढा. अॅलर्जी-सर्दीच्या अनेक औषधांनी गुंगी येते. त्यातलं डायफेनहायड्रामिन हे औषध बाळांच्या झोपेसाठी खरंच उपयोगी आहे का, हे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासाने तपासलं. 6 ते 15 महिन्यांची 44 बाळं, रात्री वारंवार उठणारी. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट, प्रत्येकी 22. एकाला औषध, दुसऱ्याला बिनऔषधाचं सिरप, आणि कोणाला काय ते पालकांनाही माहीत नाही, संशोधकांनाही नाही. निकाल? औषधाच्या गटात 1 बाळ सुधारलं, बिनऔषधाच्या गटात 3. देखरेख समितीने अभ्यास मुदतीआधीच थांबवला, कारण फायदा दिसण्याची आशाच उरली नव्हती.

बिनऔषधाच्या गटात तीन बाळं सुधारली, यावर जरा थांबा. त्या तीन घरांतले पालक आयुष्यभर शपथेवर सांगतील की सिरपने काम केलं. मुलं आपोआपही सुधारतात, दमली की झोपतात, एखादी रात्र चांगली जाते. तुलना करायला दुसरा गटच नसेल तर ‘दिलं आणि झोपला’ यातून काहीही सिद्ध होत नाही. आपल्या प्रयोगात कंट्रोल का हवा, असं गाईडने विचारलं तर हे उत्तर लक्षात ठेवा.

आता उलटी बाजूही प्रामाणिकपणे मांडू. हा अभ्यास घरात, अंथरुणात, रात्री झाला. विमानात नाही. वय जुळतं का? धाकटा आज 14 महिन्यांचा आहे, म्हणून जुळतं असं वाटेल. पण दिवाळीत तो 23 महिन्यांचा असेल. म्हणजे नियोजन करताना ज्याच्यासाठी वाचतोय आणि प्रवास करणार आहे तो, यात नऊ महिन्यांचं अंतर आहे. लहान मुलांच्या बाबतीत नमुना स्वतःच बदलत असतो, हे विसरू नका. तर या अभ्यासावरून ‘विमानातही उपयोग नाही’ असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. मी एवढंच म्हणू शकते की ‘बाळं त्याने हमखास झोपतात’ या समजुतीला कंट्रोल लावून तपासलं तेव्हा आधार मिळाला नाही.

मग निर्णय कशावर? धोक्यावर. प्रोमेथाझिन हे असंच गुंगी आणणारं औषध. दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये श्वास मंदावण्याच्या, काही वेळा जिवावर बेतण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने त्या वयासाठी ते वर्ज्य ठरवलं आहे. आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचं एकत्रित सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापायला सांगितला. दादाला सुचवलेलं सिरप बहुधा याच प्रकारचं. प्रवासाच्या दिवशी मोठी पाच वर्षं पूर्ण केलेली असेल, धाकटा दोनचाही नसेल. आणि श्वास मंदावला तर समुद्रावर, विमानात, बालरोगतज्ज्ञ कुठून आणायचा?

सिरप म्हटलं की विदर्भात सगळ्यांना छिंदवाडा आठवतो. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दूषित खोकल्याच्या औषधाने तिथे वीसहून अधिक मुलं दगावली. त्यातल्या बऱ्याच मुलांवर उपचार आपल्या नागपुरातच चालू होते. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं रसायन सापडलं. पण संशोधक म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. तिथे घात भेसळीने झाला. इथला प्रश्न शुद्ध औषधाचाही आहे, ते या वयाला आणि या कामाला योग्य आहे का? पहिला प्रश्न कारखान्यातल्या तपासणीचा, दुसरा वैद्यकीय पुराव्याचा. दोन्ही एकत्र केले की एकाचंही उत्तर नीट मिळत नाही.

दादाला मी दिलेलं उत्तर : मूल झोपावं म्हणून औषध द्यायचं नाही. आधीपासून एखादं औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारून बरोबर घ्यायचं.

तिसरा प्रश्न : घड्याळ

प्राणिशास्त्राची असल्याने हा माझा आवडता विषय. आपल्या शरीराचं अंतर्गत घड्याळ सरासरी 24 तासांपेक्षा किंचित जास्त चालतं आणि रोज उजेडाने ते जुळवलं जातं. दुसऱ्या प्रमाणवेळेत गेलं की ते साधारण दिवसाला एक तास या गतीने सरकतं, हा ढोबळ नियम मोठ्यांवरच्या अभ्यासातून आलेला आहे. मुलांना तो जसाच्या तसा लावायचा नसेल, तर नियमावर अवलंबून राहावं लागणार नाही असं ठिकाण निवडायचं. म्हणजे वेळेचा फरकच कमी ठेवायचा.

आकडे बघा. दुबई आपल्या दीड तास मागे. बँकॉक दीड तास पुढे. सिंगापूर अडीच तास पुढे. लंडन ऋतूनुसार साडेचार किंवा साडेपाच तास मागे. पाच रात्रींच्या सहलीत लंडनचं घड्याळ जुळेपर्यंत परतायची वेळ होईल.

दुबई आणि बँकॉक दोन्हीकडे फरक दीडच तास, पण दिशा उलट. आमची मोठी वर्ध्यात रात्री 9 ला झोपते, सकाळी 6:30 ला उठते. दुबईत तिला स्थानिक 7:30 लाच झोप येईल आणि पहाटे 5 ला ती टक्क जागी. पॅकेजमधलं वाळवंटातलं जेवण, बोटीवरचं जेवण, रोषणाई, सगळं संध्याकाळी उशिरा. म्हणजे पैसे मोजलेला कार्यक्रम नेमका मुलांच्या रडण्याच्या वेळेला. बँकॉकमध्ये तीच मुलगी स्थानिक 10:30 ला झोपेल, 8 ला उठेल. हॉटेलचा नाश्ता मिळेल आणि संध्याकाळही मिळेल. एवढ्या कमी दिवसांत घड्याळ बदलायचा प्रयत्नही करू नये. मुलांना वर्ध्याच्याच वेळेवर राहू द्यावं आणि कार्यक्रम त्याभोवती बसवावा.

हे वाचून कोणी ‘बँकॉक दुबईपेक्षा चांगलं’ असा निष्कर्ष काढू नका. पाच रात्री, ही झोपेची वेळ, हे वय, या अटींवरच तो खरा आहे. पहाटे उठून फिरणाऱ्या घरासाठी उत्तर उलटं येईल.

चौथा प्रश्न : लस

आपल्या राष्ट्रीय लसीकरणात गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत असतो. हे वेळापत्रक इथे राहणाऱ्या मुलांसाठी आखलेलं आहे. प्रवास करणाऱ्या बाळांसाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला वेगळा. 6 ते 11 महिन्यांच्या बाळाला परदेशप्रवासाआधी गोवराच्या लसीचा एक डोस द्यावा, पण तो नेहमीच्या दोन डोसांत मोजू नये. का? त्या वयात आईकडून आलेली प्रतिपिंडं अजून शरीरात असतात आणि बाळाची प्रतिकारशक्तीही कोवळी असते, त्यामुळे लसीचा परिणाम कमी टिकतो. पुन्हा तेच. लस एकच, वय बदललं की तिचा अर्थ बदलतो.

नियोजनासाठी दोन गोष्टी. धाकट्याचा दुसरा डोस दिवाळीआधीच्या काळातच येतो, तो निघायच्या आठवड्यावर न ढकलता वेळेवर घ्यायचा. आणि इंजेक्शनने द्यायच्या दोन जिवंत लसी असतील तर त्या एकाच दिवशी किंवा 28 दिवसांच्या अंतराने द्यायच्या असतात. त्यामुळे लसीकरण कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे दोन-तीन महिने आधीच जायला हवं. आफ्रिकेची जंगलसफारी ठरवणाऱ्यांनी पीतज्वराच्या लसीचंही बघावं. तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतं, आणि पीतज्वर असलेल्या देशातून परतताना भारत ते मागतो.

पाचवा प्रश्न : कागद कधी सुरू करायचे?

इथे एक अभ्यास सांगते, जो तुम्हाला सहलीपेक्षा प्रबंधासाठी जास्त उपयोगी पडेल. 1994 साली कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी शेवटच्या वर्षाच्या 37 विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी अंदाज 33.9 दिवस. सगळं बिघडलं तर? 48.6 दिवस. प्रत्यक्षात लागले 55.5 दिवस. म्हणजे ‘सगळं बिघडलं तर’ धरूनही अंदाज कमीच पडला. आपल्या अंदाजाच्या तारखेपर्यंत पूर्ण करणारे तिघांत एकही भरत नव्हते.

कारण असं, की अंदाज करताना आपण कामाच्या आत बसून पायऱ्या मोजतो. आपल्यासारख्या इतरांना किती वेळ लागला, हे विचारत नाही. काहनेमान आणि ट्वर्स्की यांनी हा फरक आधीच दाखवून दिला होता. उपाय साधा आहे. बाहेरून बघा. शेजारच्यांना, सहकाऱ्यांना प्रत्यक्ष लागलेला वेळ विचारा आणि तोच आधार धरा.

दादाच्या कागदांची साखळी बघा, म्हणजे वेळ कुठे जातो ते कळेल :

- वहिनीचं पहिलं बाळंतपण माहेरी, यवतमाळला. जन्माचा दाखला जन्म जिथे झाला तिथलाच मिळतो, म्हणून मोठीचा यवतमाळहून आणायचा. धाकटा सेवाग्रामला झाला, त्याचा इकडचा.
- 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो. धाकटा त्यात येतो. बऱ्याच दाखल्यांवर बाळाचं नाव कोरंच असतं, बारशाआधी नोंद झालेली असते. ते आधी भरून घ्यायचं.
- आई-वडिलांची नावं दाखल्यावर, आधारवर आणि पासपोर्टवर एकाच स्पेलिंगमध्ये हवीत. लग्नानंतरचं नाव एकीकडे, माहेरचं दुसरीकडे, असं असेल तर दुरुस्ती आधी.
- आई-वडिलांचे पासपोर्ट आधी काढायचे, मग मुलांचे. मुलांच्या अर्जासोबत दोघांचं संमतीपत्र लागतं. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो स्वतः न्यावा लागतो.
- दादा जिल्हा परिषदेचा कर्मचारी, म्हणून परदेशी जाण्याची कार्यालयीन परवानगी.
- मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, मुलांचा पाच वर्षांचा. अनेक देश प्रवेशाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. पुढच्या सहलीला हे लक्षात ठेवायचं.

यातल्या काही पायऱ्या एकमेकींवर अवलंबून आहेत, काही स्वतंत्र. दाखला नाही तर अर्ज नाही. पण परवानगीचा अर्ज त्याच दिवशी टाकता येतो. अवलंबून असलेल्या पायऱ्यांची सगळ्यात लांब साखळी म्हणजेच तुमचा खरा कालावधी, बाकीच्यांना हवा तेवढा वेळ असतो. सिनॉप्सिसमध्ये जो कालतक्ता काढता, त्यात हीच साखळी वेगळ्या रंगाने दाखवा.

तारखांचाही नमुन्यावर परिणाम होतो. दोन वर्षांखालचं मूल विमानात मांडीवर बसू शकतं, दोन पूर्ण झाली की स्वतंत्र सीट लागते. दिवाळीत गेले तर धाकटा मांडीवर. हीच सहल नाताळवर ढकलली तर तो दोनचा झालेला असेल आणि चौथं तिकीट काढावं लागेल. वर्ध्याहून मुंबई साडेसातशे किलोमीटर, रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि दिवाळीत पटकन भरतं. बँकॉकचं विमान साधारण साडेचार तासांचं, मुंबईची रेल्वे रात्रभराची. परदेशवारीतला सगळ्यात लांब टप्पा महाराष्ट्रातच आहे! म्हणून मुंबईला एक दिवस आधी पोचून मुक्काम.

सामानाचंही वाचून घ्या. दुबई-शारजामार्गे जाणार असाल तर दिवाळीचे अनारसे घरीच ठेवा, खसखस संयुक्त अरब अमिरातीत प्रतिबंधित आहे. कोडीन असलेली खोकल्याची औषधंही तिथे नियंत्रित यादीत येतात. सिंगापूरला कानासाठी म्हणून च्युइंगम नेऊ नका, 1992 पासून तिथे त्याच्या आयातीवर बंदी आहे. आपल्या घरात निरुपद्रवी असलेली गोष्ट दुसऱ्या देशात निरुपद्रवी असेलच असं नाही. बाह्य सप्रमाणता स्वयंपाकघरातही आहे.

तुमच्यासाठी सराव

दादाचं आता ठरलं आहे : दिवाळी, बँकॉक, रात्रीची रेल्वे, मुंबईत एक मुक्काम, झोपेचं औषध नाही. तुम्ही मात्र या आठवड्यात दोन कामं करा.

एक, तुमच्या विषयातला जो शोधनिबंध तुम्ही सिनॉप्सिसचा आधार म्हणून धरला आहे, त्याच्यावर वर दिलेल्या चार ओळी लिहा. मग त्याखाली पाचवी ओळ : ‘माझा नमुना यापेक्षा कशात वेगळा आहे?’ पंजाबातल्या गव्हावरचा निष्कर्ष वर्ध्याच्या काळ्या जमिनीतल्या कपाशीला लावताय का? महानगरातल्या इंग्रजी शाळांवरचा निष्कर्ष आर्वी-कारंज्याच्या शाळेला लावताय का? लावू नका असं नाही. पण लावताना कारण लिहा.

दोन, तुमच्या प्रयोगशाळेतल्या किंवा विभागातल्या पाच सीनियर्सना विचारा, ‘पहिलं प्रकरण लिहायला तुम्हाला प्रत्यक्षात किती महिने लागले?’ त्या पाच आकड्यांचा मध्य काढा आणि तो तुमच्या कालतक्त्यात घाला, तुमचा स्वतःचा अंदाज खोडून.

सिनॉप्सिसमध्ये ‘संशोधनाच्या मर्यादा’ हा मुद्दा बहुतेक जण शेवटच्या रात्री, दुसऱ्याचा बघून भरतात. या दोन कामांनंतर तो तुम्हाला आधी लिहावासा वाटेल. मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न तिथूनच येतो.